टाका हाताचा, हिशेब चोख

आपल्या धाराशिव जिल्ह्यात भरतकाम म्हटले की लग्नाचा जोडा, उरुसाची चादर किंवा तांड्यावरच्या लमाण भगिनींचे आरसे-कवड्यांचे काम डोळ्यांपुढे येते. पण याच सुईने राजकीय कैद्यांच्या घरची चूलही पेटती ठेवली आहे.

चिली देशात ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सत्ता घेतली. हजारो लोक तुरुंगात गेले, कित्येक कायमचे बेपत्ता झाले. १९७४ पासून सँटियागो शहरात त्यांच्या आया-बायका गोणपाटावर चिंध्या जोडून आपली कहाणी शिवू लागल्या. या कामाला ‘आर्पियेरा’ म्हणतात. चर्चच्या मदत संस्थेने ते विकत घेऊन परदेशात विकले. जगाला खबर मिळाली, घराला भाकरी मिळाली.

पॅलेस्टाइनच्या ‘तत्रीज’चेही तसेच. १९८७ च्या इंतिफादात झेंड्यावर बंदी होती, तेव्हा महिलांनी झेंड्याचे रंग अंगावरच्या पोशाखात भरले. लेबनॉनमधील ‘इनाश’ संस्थेने १९६९ पासून निर्वासित महिलांना याच कामातून रोजगार दिला. २०२१ मध्ये युनेस्कोने या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत मान दिला.

आपल्याकडे १९७५-७७ च्या आणीबाणीत समाजवादी, संघवाले, जमाअते इस्लामीवाले सारेच तुरुंगात गेले. विचार वेगवेगळे होते, पण कमावता माणूस आत गेल्यावर मागे राहिलेल्या घरांची अडचण एकच होती. ठराव आणि सभांनी पीठ येत नाही. कोर्टाचा निकाल काहीही लागो, कैद्याच्या बायकोने गुन्हा केलेला नसतो.

म्हणून व्यापारी बांधवांना आमचे सांगणे आहे की, अशा घराला खैरात देऊ नका, काम द्या. नगाचा दर आधी ठरवा, वहीत लिहा आणि माल हाती येताच मजुरी चुकती करा. तिची उधारी ठेवू नका. मशीनचे काम हातकाम म्हणून विकू नका. कैद्याच्या नावावर चार पैसे जास्त घेतलेत, तर ते त्याच घरी पोचवा आणि हिशेब उघडा ठेवा. आणि तिची मर्जी नसेल तर तिचे नाव गिऱ्हाइकापुढे काढू नका.

दुसऱ्याच्या दुःखावर नफा कमावला तर धंद्यात बरकत राहत नाही. त्याच दुःखाला मजुरीचा आधार दिला, तर एकजूट हा शब्द खरा ठरतो.