आपली मुलं लांब पल्ल्यालाच का?

‘तुमची पोरं काटक असतात, त्यांना लांब पल्ल्याला घाला.’ हे वाक्य मी तमिळमध्ये ऐकलंय, इंग्रजीत ऐकलंय आणि गावी गेलो की मराठीतही ऐकतो. बोलणाऱ्याला वाटतं त्यानं कौतुक केलं. मला त्यात जात ऐकू येते.

वडील अंबरनाथच्या आयुध कारखान्यातून बदली होऊन चेन्नईजवळ आवडीला, रणगाड्यांच्या कारखान्यात आले. मी इथंच वाढलो आणि आता इथल्याच एका कॉलेजच्या ॲथलेटिक्स संघाला शिकवतो. संघातली बरीच मुलं घरातली पहिलीच कॉलेजात आलेली. कुणाचे वडील हमाल, कुणाची आई चार घरी धुणीभांडी करते. मैदानावर पहिल्याच आठवड्यात वाटणी होऊन जाते. जी मुलं शाळेपासून क्लबात शिकली, ती भालाफेक, उंच उडी, अडथळ्यांच्या शर्यतीकडे. आपली मुलं पाच हजार आणि दहा हजार मीटरला. मुद्दाम कुणी करत नाही, म्हणून कुणी विचारतही नाही.

यामागे साधा पैशाचा हिशेब आहे. लांब पल्ल्याला एक जोडी बूट आणि रस्ता पुरतो. पोल व्हॉल्टचा पोल खेळाडूच्या वजनाप्रमाणे बदलावा लागतो, शिवाय खाली जाड गादी हवी. अडथळ्यांना एका लेनमध्ये दहा हर्डल्स लागतात. पण पैशापेक्षा महाग आहे शिकवणाऱ्याचा वेळ. मुलींच्या शंभर मीटर अडथळ्यांत पहिलं हर्डल 13 मीटरवर, पुढची साडेआठ-साडेआठ मीटरवर, आणि दोन हर्डल्सच्या मध्ये फक्त तीन पावलं. ती तीन पावलं रक्तात नसतात. कुणीतरी रोज शेजारी उभं राहून ती बसवून घ्यावी लागतात. पोर मुळातच काटक आहे असं एकदा ठरवलं, की तिला शिकवायची जबाबदारी संपते. तिनं फक्त पळत राहायचं. (आणि हरली तर ‘जिद्द कमी पडली’ म्हणायला आपण मोकळे.)

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सगळ्यांना माहीत आहे. शाळेला चालत-पळत जायचा, हेच आपण सांगतो. तो महार रेजिमेंटमध्ये गेला, तिथं क्रॉस कंट्री पळायला लागला आणि सैन्यातल्या प्रशिक्षकानं त्याला स्टीपलचेसकडे वळवलं, हे कमी सांगतो. स्टीपलचेसमध्ये 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या असतात. त्या शिकाव्याच लागतात. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं त्याचं रौप्यपदक शाळेच्या वाटेवर तयार झालेलं नाही. त्याला शिकवणारं कुणी भेटलं, म्हणून ते झालं.

तमिळनाडूत हा विषय शांती सौंदरराजन यांच्याशिवाय पुरा होत नाही. पुदुक्कोट्टई जिल्ह्यातल्या दलित, वीटभट्टीवर राबणाऱ्या घरातली मुलगी. 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत 800 मीटरला रौप्यपदक मिळवलं आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेतलं गेलं. पुढं त्यांना पुन्हा वीटभट्टीवर काम करावं लागलं. बातम्या इथंच थांबतात. पण नंतर त्यांनी पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून प्रशिक्षणाचा डिप्लोमा केला आणि राज्य सरकारच्या प्रशिक्षक झाल्या. कुठल्या मुलीनं काय खेळायचं हे ठरवणाऱ्यांत आता त्या आहेत. मला ही गोष्ट पदकाएवढीच मोठी वाटते.

तुम्ही हे वाचताय म्हणजे पदवी तुमच्या हातात आहे. आपल्याकडं पदवीनंतर स्पर्धा परीक्षा, बी.एड., बँक एवढंच बोललं जातं. बी.पी.एड. म्हटलं की घरचे तोंड वाकडं करतात. शिट्टी वाजवायला एवढं शिकलास का, म्हणतात. पण शिट्टी ज्याच्या गळ्यात, तोच यादी करतो. त्या यादीवरून क्रीडा कोट्यातला प्रवेश मिळतो आणि पुढं रेल्वेतली, पोलिसातली नोकरीही. पतियाळ्याला सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही असतो. कॉलेजात खेळलेल्यांनी निदान चौकशी तरी करावी.

यंदा माझ्या संघात पट्टाभिरामची एक मुलगी अडथळ्यांची शर्यत करते. खरी हर्डल्स आठवड्यातून एकदाच मिळतात, बाकी दिवस पीव्हीसी पाइप बादल्यांवर ठेवून चालवतो. तिलाही लांब पल्ल्याला घाला, असं दोघांनी सुचवून झालंय. चौथ्या हर्डलपर्यंत तिची तीन पावलं बसतात. पाचव्याच्या आधी अजून चार पडतात.