धातुशोधकाची कुरकुर दाबू नका, ओळखा

जुना धातुशोधक हाती आला आणि सुरू करताच तो सारखा कुरकुरू लागला, की बहुतेक जण दोहोंपैकी एक गोष्ट करतात. ‘यंत्र बिघडले’ असे म्हणून ते माळ्यावर टाकतात, नाही तर आवाज थांबेपर्यंत संवेदनक्षमतेचे बटण मागे फिरवतात. आमच्या मते हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. बटण मागे फिरवल्याने कुरकुर थांबते हे खरे, पण त्याबरोबर खोलवरचा लहान खिळाही ऐकू येईनासा होतो. कुरकुर ही यंत्राने दिलेली माहिती आहे. ती कोठून येते हे शोधणे हा शाळेत करता येण्याजोगा एक उत्तम प्रयोग आहे, आणि भंडारा जिल्ह्यातील सिहोरा परिसर त्यासाठी फार सोयीचा आहे.

आधी यंत्राचे काम समजून घेऊ. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर ते चालते. दांड्याच्या टोकाच्या तबकडीत सामान्यतः तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो आणि भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात. या प्रवाहांचे क्षीण क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्याला जाणवते. हा संकेत इतका दुबळा असतो की तो अनेक पटींनी वाढवावा लागतो. त्याच्याबरोबर परका गोंगाटही वाढतो.

हा गोंगाट येतो कोठून? सिहोरा हे तुमसर तालुक्यातील गाव. याच तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगेनीजच्या खाणी आहेत. मँगेनीजची बहुतेक खनिजे चुंबकाला फारशी दाद देत नाहीत. परंतु लोहाची साथ मिळाली की जेकबसाइटसारखे चुंबकीय खनिज तयार होऊ शकते. अशा खनिजांचे किंवा मॅग्नेटाइटचे कण मातीत असले, तर धातुशोधक त्यांनाही ‘ओ’ देतो. शिवाय रानडुकरांना अडवण्यासाठी धानाच्या बांधीभोवती लावलेले झटका यंत्र, विहिरीवरचा पंप आणि डोक्यावरच्या वीजतारा आहेतच. म्हणजे संशयित चार झाले: विद्युतघट, यंत्रातील जोडण्या, भोवतालची विजेची साधने आणि जमीन.

चौघांना वेगळे करण्याचा नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झाले ते वहीत लिहा.

प्रथम घट तपासा. जुना घट बाहेर काढून मोजला तर तो बहुधा जवळजवळ १.५ व्होल्ट दाखवतो आणि आपण फसतो. यंत्र सुरू ठेवून मोजा. घटाचा अंतर्गत रोध वाढलेला असेल, तर प्रवाह वाहू लागताच दाब खाली येतो. घटाच्या टोकांवर हिरवट वा पांढरी बुरशीसारखी पुटे असतील तर ती खरवडून काढा. (गंमत अशी, की डोंगरी बुजुर्गचे मँगेनीज डायऑक्साइड शुष्क घटांसाठीच वापरले जाते!)

नंतर जोडण्या पाहा. तबकडी स्थिर ठेवून केबल हळूच हलवा. हलवताच खरखर झाली, तर तार तुटली आहे किंवा जोड सैल आहे. केबल दांड्याभोवती घट्ट गुंडाळा, कारण लोंबणारी केबलही खोटे संकेत देते. तबकडीवरचे झाकण निघत असेल तर आत साचलेली ओली माती पुसून घ्या.

तिसरी पाळी भोवतालची. तबकडी कमरेइतक्या उंचीवर, जवळपास लोखंड नसेल अशा जागी स्थिर धरा. तरीही आवाज येत असेल तर तबकडी काटकोनात फिरवा. आवाज कमी-जास्त झाला तर तो बहुधा बाहेरून येत आहे. त्याची लयही ऐका. सुमारे सेकंदासेकंदाने ‘टक्’ होत असेल तर झटका यंत्रावर संशय घ्या, मात्र त्याच्या तारेला हात लावू नका. वीजतारांखाली वाढणारी आणि दूर जाताच कमी होणारी गुणगुण ५० हर्ट्झच्या प्रवाहाकडे व त्याच्या पटींकडे बोट दाखवते.

तबकडी हवेत शांत आणि जमिनीशी येताच ओरडत असेल, तर संशय मातीवर. तबकडी खाली-वर करीत, आवाज दोन्हीकडे सारखा होईपर्यंत भूमी-संतुलनाचे बटण फिरवा. खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्याकडेची धूळ, बांधीतली माती आणि बावनथडीची वाळू वाळवून घ्या. कागदात गुंडाळलेला चुंबक प्रत्येकीतून फिरवा आणि किती काळे कण चिकटतात ते ताडून पाहा. जो आवाज वीतभर जागेतच, दोन्ही दिशांनी तबकडी नेली तरी येतो, तो मात्र खऱ्या धातूचा असण्याचा संभव मोठा.

ही शिस्त किती मोलाची आहे, ते इतिहास सांगतो. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असेच उपकरण नेले. पहिल्या वेळी एक धारित्र चुकीचे जोडलेले असल्याने खरखर झाली. दुसऱ्या वेळी मोठ्या भागावर क्षीण आवाज येत राहिला. गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी होती, हे बेल यांना नंतर कळले. शिवाय मुख्य डॉक्टरांना गोळी उजवीकडे असल्याची खात्री होती, त्यामुळे शोध त्याच बाजूला झाला. शवविच्छेदनात ती डावीकडे सापडली. यंत्राच्या गोंगाटाला आणि माणसाच्या ठाम समजुतीला तोंड देणे किती कठीण असते, हे यावरून दिसते.

आपल्याकडे ही समजूत गुप्तधनाच्या रूपाने येते. ज्याला हंडा सापडणारच असे वाटते, त्याला कुरकुरणारे यंत्र पाहिजे तेथे ‘होय’ म्हणते. यंत्र विज्ञानाचे असले तरी असा शोध विज्ञानाचा नव्हे. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी कृत्ये होत आली, म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्यांचा उल्लेख करावा लागला. खरोखरच जुना ठेवा सापडला तरी १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि संरक्षित स्मारकाच्या जागी परवानगीवाचून खणणे हा गुन्हा आहे.

शिक्षकांना आमची विनंती आहे, की असे एखादे नादुरुस्त यंत्र शाळेला मिळाले तर ते कपाटात बंद करू नये. विद्यार्थ्यांचे चार गट करावेत, प्रत्येकाकडे एकेक संशयित सोपवावा आणि ‘दोष सापडला’ याइतकेच ‘दोष येथे नाही’ असे पुराव्याने सांगणाऱ्यालाही गुण द्यावेत. नव्या, बिनचूक यंत्रावर विद्यार्थी बटण दाबायला शिकतो. कुरकुरणाऱ्या यंत्रावर तो पुरावा मागायला शिकतो, आणि तीच सवय त्याला शाळेबाहेर अधिक उपयोगी पडेल.