अफूची गोळी आता उजेडात मिळते

दोस्तांनो, मी मॅट्रिक पास. गोदीत पोती उचलतो, रात्री कविता लिहितो. मला कुणी तज्ज्ञ म्हणणार नाही. पण परवा एका तज्ज्ञाचा लेख वाचला आणि डोकं फिरलं. म्हणे, आया आपल्या सोयीसाठी लेकरांच्या हातात मोबाईल देतात.

सोय? कुणाची रे सोय?

माझी आक्का बीड जिल्ह्यातली, गेवराई तालुक्यातली. दिवाळी झाली की नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फिटेस्तोवर ऊस तोडायचा. गेल्या हंगामात खाडा करून मी तिच्या फडावर गेलो. पहाटे तीनला ती कोपीतून बाहेर. साडेतीन वर्षांचा भाचा पाचटावर बसलेला, हातात मोबाईल. काढून घेतला तर डोकं आपटतो, चावतो. रात्री ट्रक भरायला आला की आई उठते, पोरगं उठतं, परत मोबाईल. मध्यरात्र झाली तरी डोळे टक्क. दिवसा पेंगतं. बोलणं चार शब्दांचं.

मी आक्कावर ओरडलो. ती म्हणाली, "मग काय करू भाऊ? मोकळं सोडलं तर कोयता लागंल, जनावर चावंल, ट्रॅक्टर अंगावरून जाईल. हे घेऊन एका जागी बसतंय तरी."

आणि तो मोबाईल कुणी दिलेला? मीच. ओव्हरटाइमच्या पैशातून, पोराला मामाचं तोंड दिसावं म्हणून. लाज वाटते, म्हणूनच लिहितो.

डॉक्टर खोटं बोलत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं : दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, पाचच्या आत दिवसाला १ तासाच्या वर नको. तीन-चार वर्षांच्या लेकराला १० ते १३ तास झोप पाहिजे. झोपायच्या वेळी पडद्याचा उजेड डोळ्यात गेला की झोप आणणारं मेलाटोनिन कमी पडतं. झोप मोडली की पोर चिडतं, मारतं. मान्य! विज्ञानाशी आपलं भांडण नाही. आयपॅड विकणाऱ्या स्टीव्ह जॉब्सनं २०१० साली पत्रकाराला सांगितलंच होतं की त्याच्या पोरांनी तो वापरलेला नाही. विकणाऱ्याला माल ठाऊक असतो. पण ज्या कोपीत आईलाच धड चार तास झोप नाही, तिथं लेकराला १३ तास कुठून आणायचे?

ही गोष्ट नवी नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणीतल्या बाया तान्ह्या लेकरांना अफूची बाळागोळी द्यायच्या. आई दिवसभर साच्यावर, लेकरू चाळीत. रडू नये म्हणून गोळी. त्या काळात, १९२८ साली, बाबासाहेब मुंबईच्या कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेच्या बिलामागं उभे राहिले. मालकानं भार उचलावा, असं त्यांनी मांडलं. १९२९ साली कायदा झाला. त्यांनी आईला अक्कल शिकवली नाही, मालकाचा खिसा दाखवला. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघरही आलं. पण ते गिरणीतल्या बाईला. ऊस तोडणारी बाई कारखान्याची कामगार कुठं? ती मुकादमाची!

१९७५ साली अंगणवाडी आली. लेकराचं नाव गावच्या रजिस्टरात, लेकरू शेकडो मैलांवर पाचटात. आणि सेविका? सरकारनं तिच्याही हातात मोबाईल दिला. गाणी म्हणायची सोडून ती माहिती भरत बसली. २०२१ च्या ऑगस्टात महाराष्ट्रातल्या सेविकांनी ते निकामी मोबाईल सरकारला परत केले. शाब्बास! परत कसा करायचा, ते त्या बायांनी दाखवलं.

आता आमचं ऐका. प्रत्येक फडावर पाळणाघर पाहिजे. लेकरं सांभाळायला बाई पाहिजे, तिचा पगार साखर कारखान्यानं द्यावा. उचलीतून एक पैसा कापायचा नाही. आईला रात्रीची सलग झोप पाहिजे. हे द्या, मग उपदेशाला या.

आणि दोस्तांनो, तुम्हीसुद्धा. वस्तीत बसून रील बघत क्रांतीच्या गप्पा मारणारे आपण सगळे. या हंगामात आठ दिवस फडावर चला. पोरं सांभाळा, गोष्टी सांगा.

त्या रात्री मी मोबाईल बंद केला. भाचा तासभर रडला. मग मी त्याला बोटीची गोष्ट सांगितली. पोती वाहून घट्टे पडलेल्या खांद्यावर तो झोपला. तीनला आक्का उठली, तोही उठला. दुसऱ्या दिवशी मी मुंबईला आलो. मोबाईल परत त्याच्या हातात गेला.

एक मामा पुरत नाही. चळवळ पाहिजे.

जय भीम!