आवाजी मतदानाआड

विधानसभेची निवडणूक आली की आमच्या खानदेशात केळीचा भाव, कापसाची खरेदी आणि तापीचे पाणी यांवर उमेदवार भरभरून बोलतात. बोलावेच, शेतकऱ्याचे पोट त्यावर आहे. परंतु कोठडीतील मारहाण, जमावाचा हिंसाचार, धर्म निवडण्याचे स्वातंत्र्य यांविषयी त्यांची भूमिका काय, हे जळगावच्या ११ आणि धुळ्याच्या ५ मतदारसंघांतील मतदाराला कोण सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ सालच्या निर्णयांमुळे उमेदवाराला शपथपत्र द्यावे लागते. त्याच्यावरील खटले, मालमत्ता, कर्ज, शिक्षण त्यातून कळते. घरात किती तोळे सोने आहे हे मतदार जाणतो. कोणत्या कायद्याला हा गृहस्थ होकार देईल, हे मात्र जाणत नाही. निवडून आल्यावर तरी कळावे? तेही नाही. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेने १० जुलै २०२५ रोजी आवाजी मतदानाने संमत केले. संघटना बेकायदेशीर ठरविण्याचा अधिकार सरकारला देणारे आणि त्याखालील गुन्हे अजामीनपात्र करणारे हे विधेयक. बारा हजारांवर सूचना त्यावर आल्या होत्या. विरोध नोंदविला तो डहाणूचे विनोद निकोले या एकट्या आमदाराने. कोणी मतविभाजन मागितले नाही, तर आवाजी मतदानात सभासदांची नावे नोंदली जात नाहीत. असा कायदा हवा की नको, यावर मतभेद असू शकतो. आपल्या प्रतिनिधीचे मत मतदाराला ठाऊक असू नये, यावर कसला मतभेद?

असे कायदे कोणाच्या दारात जातात, हे खानदेशाला परके नाही. भुसावळचे नाव जोडलेल्या कटाच्या आरोपावरून १९९४ साली टाडाखाली पकडलेल्या ११ मुस्लिमांना नाशिकच्या विशेष न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१९ रोजी निर्दोष सोडले. टाडा १९९५ सालीच संपुष्टात आला होता. खटला पाव शतक चालला. आणि येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी? कंपवाताने हात थरथरणारा तो ८४ वर्षांचा धर्मगुरू ५ जुलै २०२१ रोजी जामिनाची वाट पाहत मुंबईत निवर्तला. त्यांच्यासाठी आम्ही मिस्सा अर्पण केल्या. उमेदवाराला त्यांच्याविषयी एक प्रश्न विचारावयास काय हरकत आहे?

साक्री तालुक्यातील राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्याच्या १७ तारखेला, जमावहत्या रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावले. आपल्या जिल्ह्यातील तो अधिकारी कोण, हे उमेदवाराला सांगता येते काय? एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळ काही उघड होईल.

‘धर्मग्रामाने राजकारणात पडू नये’ असे म्हणणारे सज्जन आमच्यात आहेत. त्यांची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. धर्माच्या नावाने मत मागणे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने भ्रष्ट आचरण ठरते, आणि धर्मस्थळाची जागा राजकीय कार्यास देण्यास १९८८ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून प्रवचनपीठावरून कोणाचेही नाव निघता कामा नये. सभा चर्चच्या आवारात नको, वाचनालयात किंवा गल्लीत घ्यावी. पण सर्व उमेदवारांना समान प्रश्न लेखी पाठविणे आणि आलेली उत्तरे कानामात्रेचा फरक न करता घरोघर पोचविणे, यात कोणाचा प्रचार होतो? स्मशानभूमीच्या जागेसाठी आमदाराच्या दारी जाताना आम्हांला राजकारण आठवत नाही. डवरी गोसाव्यासाठी जावयाचे म्हटले की एकाएकी आठवते!

प्रश्न केवळ ख्रिस्ती माणसाचे नसावेत. शिरपूर-चोपड्याच्या आदिवासींच्या वनहक्क दाव्यांचाही त्यांत समावेश हवा. २००६ च्या कायद्याखालील किती प्रलंबित दाव्यांचा पाठपुरावा उमेदवाराने केला, हे आकड्यांत विचारावे. आणि मतविभाजन मागण्याचे लेखी वचन घ्यावे. उत्तरासाठी पंधरा दिवस पुरेत. जे देणार नाहीत त्यांच्या नावापुढची जागा कोरीच छापावी.