जाहीर आवाहन : जे उडतं, सांडतं, दरवळतं ते डब्याबाहेर

दादर, परळ, करी रोड, चिंचपोकळी, प्रभादेवी, लोअर परळ, ग्रँट रोड आणि चर्नी रोडला रोज सकाळी उतरणाऱ्या सर्व प्रवासी बंधू-भगिनींसाठी हे आवाहन.

आम्ही याच गाड्यांनी, याच वेळेला कामावर जाणाऱ्या काही जणी आहोत. आमची विनंती एकच आहे. भरलेल्या डब्यात केस विंचरणं, नखं कापणं, नेलपेंट लावणं, अंगावर स्प्रे मारणं हे आपण सगळ्यांनी मिळून थांबवूया.

ही तयारी गाडीत का करावी लागते, ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे. पहाटे नळाला पाणी येतं तेवढ्यात आंघोळी, धुणं, भांडी उरकायची. डबे भरायचे, मुलांना शाळेसाठी उठवायचं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांची औषधं काढून ठेवायची. आरशासमोर उभं राहायला वेळ उरतो कुणाला? एके काळी लालबाग-परळचा कामगार गिरणीचा भोंगा ऐकून चाळीतून निघायचा आणि पायीच कामावर पोचायचा. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली आणि या कामगारांची कितीतरी घरं डोंबिवली, बदलापूर, विरार, नालासोपाऱ्याकडे सरकली. आज त्यांच्याच लेकी-सुना, नातवंडं त्याच गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ऑफिसांत आणि मॉलमध्ये कामाला येतात, पण दीड-दोन तासांचा प्रवास करून. त्यामुळे गाडीत कंगवा काढणाऱ्या बाईला आम्ही बेशिस्त म्हणणार नाही. तिची ओढाताण आमचीही आहे.

तरीही विनंती करावी लागते, कारण डब्यात जागाच नाही. सकाळच्या गर्दीला रेल्वेच्या भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसं उभी. एवढ्या गर्दीत केस विंचरायला हात वर केले की दोन्ही कोपरं नेमकी शेजारणीच्या डोळ्यांच्या आणि नाकाच्या उंचीवर येतात. विंचरताना गळालेले केस वाऱ्याबरोबर उडतात आणि कुणाच्या तोंडावर, कुणाच्या उघड्या डब्यात जाऊन पडतात. सीट पाठीला पाठ लावून असल्यामुळे ओले केस मागे सोडले की त्यांचं पाणी मागच्या बाईच्या मानेवर ठिबकतं. नेलकटरने उडवलेलं नख कुठे जाऊन पडलं, ते कापणारीलाही कळत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती, पण फार महत्त्वाची आहे. परळला उतरणारे सगळेच कामावर जात नाहीत. टाटा मेमोरियल, केईएम, वाडिया ही रुग्णालयं इथे आहेत. टाटा 1941 पासून कर्करोगाच्या रुग्णांवर उपचार करतं आहे आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं तिथे येतात. काही जण दिव्यांगांच्या डब्यातून प्रवास करतात, पण अनेक जण आपल्याच डब्यात, आपल्याच बाजूला उभे असतात. केमोथेरपी सुरू असलेल्या माणसाला उग्र वासाने मळमळतं, उलटी होते. दम्याच्या रुग्णाला परफ्यूमनेही धाप लागू शकते. कुर्ला गेल्यावर एका मुलीने उतरायच्या तयारीत दोन्ही काखांत स्प्रे मारला, तेव्हा समोर डोक्याला स्कार्फ गुंडाळलेली एक बाई हॉस्पिटलची फाईल तोंडावर धरून खाली वाकलेली आम्ही पाहिली. शेजारणीने पटकन रिकामी पिशवी पुढे केली. त्या मुलीच्या मनात वाईट काहीच नव्हतं. समोर कोण बसलं आहे, एवढंच तिला माहीत नव्हतं. ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून ही खबरदारी प्रत्येकाने घ्यायची आहे.

म्हणून एक सोपा नियम सुचवतो. जे आपल्या अंगापुरतं राहतं, ते खुशाल करावं. जे उडतं, सांडतं किंवा दरवळतं, ते डब्यात करू नये.

टिकली लावा, पदर सारखा करा, ओढणीला पिन लावा, सुटलेल्या केसांना रबर लावून घट्ट बांधा, बसल्या जागी लिपस्टिक फिरवा. त्याला कुणाची काडीचीही हरकत नाही. पण एवढं मात्र पाळूया :

1. केस घरूनच बांधून निघावं. ओले असतील तर सैल अंबाडा घालावा. मोकळे सोडायचे, विंचरायचे ते उतरल्यावर.

2. नखं गाडीत कापू नयेत, दातांनी कुरतडूही नयेत.

3. नेलपेंट आणि ते काढायचं रिमूव्हर पिशवीतून बाहेर काढू नये. त्यांचा वास डोक्यात जातो आणि दोन्ही पेट घेणाऱ्या वस्तू आहेत.

4. डिओ, परफ्यूम, हेअर स्प्रे आणि पावडरीचा डबा घरीच वापरावा.

5. काजळ आणि लायनर चालत्या गाडीत नकोच. सांधा बदलताना गाडी जो हिसका देते, त्यात पेन्सिलीचं टोक डोळ्यात जायला क्षणही लागत नाही. हे तर स्वतःच्याच डोळ्यासाठी सांगणं आहे.

6. गजरा माळल्यावर उरलेला दोरा आणि देठं, जुनी टिकली, वाकलेली पिन, कंगव्यातला गुंता हे सगळं कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवावं. खिडकीच्या चौकटीला टिकल्या चिकटवू नयेत. पिन खाली पडली तर ती उचलावी, कारण गर्दीत खाली बसणाऱ्याही बायका असतात.

पुरुष प्रवाशांनाही हीच विनंती आहे. खिशातला कंगवा काढून दारात उभ्याने भांग पाडला की केस आणि कोंडा आत येतो. किल्लीने कान कोरणं, चारचौघांत नाकात बोट घालणं हेही नको. सकाळची मिश्री किंवा तळहातावर मळलेला तंबाखू हा ‘माझा मी’ असा प्रकार नाही. मळून झाल्यावर वरून जी थाप मारली जाते, तिच्यासरशी चुन्याची आणि तंबाखूची भुकटी शेजाऱ्याच्या नाकात जाते, त्याला शिंका आणि ठसका लागतो. आणि दारातून टाकलेली पिचकारी मागच्या दारात उभ्या असलेल्यांच्या अंगावर येते. रेल्वेच्या आवारात थुंकण्याबद्दल आणि कचरा टाकण्याबद्दल 2012च्या नियमांनुसार 500 रुपयांपर्यंत दंड आहे. पण दंडापेक्षा शेजारच्या माणसाकडे पाहून हे थांबावं, अशी आमची इच्छा आहे.

एसी लोकल आणि मेट्रोच्या प्रवाशांनी जास्त जपायला हवं. साध्या लोकलमध्ये निदान वारा असतो. मुंबईत पहिली एसी लोकल 25 डिसेंबर 2017 रोजी धावली आणि ऑक्टोबर 2025 पासून तर भुयारी मेट्रो गिरगाव, काळबादेवीवरून थेट कफ परेडपर्यंत जाते. तिथे खिडक्या उघडत नाहीत. डब्यात मारलेला एक फवारा पुढची कितीतरी स्टेशनं सगळ्यांच्या नाकात राहतो.

आता सांगायचं कसं, याबद्दल. कुणी चुकलं तर तिच्यावर डाफरू नये, चारचौघींत तिचा पाणउतारा करू नये. “ताई, केस जरा बांधता का? दादरला उतरल्यावर सोडा,” किंवा “काकू, स्प्रे नको हं, इथे पेशंट आहेत,” एवढं हळू आवाजात सांगितलं तरी पुरतं. आणि जिला सांगितलं तिनेही राग न धरता हातातली वस्तू पर्समध्ये ठेवावी. एक गोष्ट मात्र कुणीही करू नये. तयारी करणाऱ्या बाईचा मोबाईलवर चोरून फोटो किंवा व्हिडिओ काढून तो पसरवू नये. डब्यात केस विंचरण्यापेक्षा हा कितीतरी मोठा अपराध आहे.

आमची ही विनंती फक्त प्रवाशांना नाही.

परळ, लोअर परळ, वरळी, गिरगावातल्या दुकानदारांनो, ऑफिसांनो, मॉल आणि हॉटेलचालकांनो, काउंटरवरच्या मुलीने नीट केस बांधून, मेकअप करून, टापटीप उभं राहावं अशी तुमची अपेक्षा असते. मग तिला हजेरी लावल्यानंतर दहा मिनिटं, एक आरसा आणि आतून कडी लागणारी खोली द्या. हीच सोय साफसफाई करणाऱ्या मावशींना, रखवालदारांना आणि आयांनाही हवी. कामासाठी करायची तयारी कामाच्या वेळात धरली, तर गाडीतले निम्मे कंगवे आपोआप पर्समध्ये राहतील.

रेल्वे प्रशासनाकडे मागणी आहे, की दादर, परळ, करी रोड, चिंचपोकळीसारख्या स्टेशनांवर महिलांसाठी स्वच्छ, पाणी असलेली स्वच्छतागृहं असावीत, त्यांत मोठा आरसा आणि पिशवी टांगायला खुंटी असावी. मुंबईतल्या बायकांनी स्वच्छतागृहांसाठी ‘राइट टू पी’ची मोहीम उभारली, तेव्हापासून ही गरज सगळ्यांना ठाऊक आहे. ती फलाटावर दिसायला हवी.

महिलांचा डबा ही आपली हक्काची जागा आहे. 5 मे 1992 रोजी चर्चगेट ते बोरिवली महिला विशेष गाडी सुरू झाली, ती बायकांच्या गर्दीची आणि गैरसोयीची दखल घेऊनच. या डब्यात आपण नवरात्रात नऊ दिवस नऊ रंग नेसतो, हळदीकुंकू करतो, एकमेकींची डोहाळजेवणं करतो, नोकरी गेलेल्या मैत्रिणीला धीर देतो. इतकं एकमेकींसाठी करणाऱ्या आपल्याला हे एवढं जड नाही.

डब्यातल्या प्रत्येक ग्रुपने येत्या सोमवारपासून सुरुवात करावी. हे आवाहन आपापल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावं, नव्याने येणाऱ्या मुलींना समजावून सांगावं आणि घरून निघण्यापूर्वी पाच मिनिटं केसांसाठी राखून ठेवावीत. ज्यांना ती मिळतच नाहीत, त्यांनी उतरल्यावर फलाटाच्या टोकाला, गर्दी ओसरल्यावर, शांतपणे वेणी घालावी. तिथे त्यांची पर्स आणि डबा धरायला आमच्यापैकी कुणीतरी नक्की थांबेल.

आपल्या,
सकाळच्या गाडीने दादर-परळ भागात कामाला येणाऱ्या काही महिला प्रवासी