उन्हाळी सुटीत ऊर्जेचा वर्ग

नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना सारखा लागत नाही. २३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ अंशांवर गेला. अशा दिवशी एसीतला माणूस आणि टिनाच्या छपराखालचा माणूस एकाच शहरात राहत नसतात.

वीज मात्र शहराच्या वेशीवरच, कोराडी आणि खापरखेड्याला कोळसा जाळून तयार होते. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राख नदीत गेली. त्याच परिसरातल्या कन्हानचे पाणी नागपूर पिते.

हे आपल्या आठवी ते दहावीच्या मुलामुलींना कोण सांगणार? आपल्यात इंजिनिअर कमी नाहीत. उन्हाळी सुटीत मोहल्ल्यामोहल्ल्यात आठ दिवसांचा वर्ग घेऊ या, सकाळी ऊन चढण्याआधी. सुरुवात घरच्या वीजबिलापासून. २०० वॅटचा कूलर दहा तास चालला की दोन युनिट, म्हणजे साधारण दीड किलो कोळसा. मग छपरावर चुना लावण्याआधी आणि नंतर खोलीचे तापमान मोजायचे.

शेवटी सूर्यघर योजना. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण स्वतःचे छत हवे. भाडेकरूने काय करायचे? हा प्रश्न मुलांनीच नगरसेवकाला विचारावा, हातात स्वतः मोजलेले आकडे घेऊन. तक्रार टाळता येते, आकडे टाळणे अवघड जाते.

येत्या सुटीत तुमच्या मोहल्ल्यात हा वर्ग कोण घेणार, ते आजच ठरवा.