सिस्टरला बोल लावण्याआधी वॉर्डातले रुग्ण मोजा

सरकारी दवाखान्यातून परतलेल्या नातेवाइकांची एक तक्रार आपल्या वस्त्यांत हमखास ऐकू येते : "सिस्टर लक्षच देत नाहीत. दहा वेळा हाक मारली तरी येत नाहीत." ही तक्रार खोटी नसते. पण आपला राग चुकीच्या माणसावर निघतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. सिस्टर का आली नाही याचे उत्तर तिच्या स्वभावात शोधण्याआधी तिच्या एकटीवर किती रुग्ण आहेत ते पाहावे लागेल.

हे आम्ही भावनेच्या भरात म्हणत नाही. या विषयावर परिचारिकांनीच मोठे संशोधन केले आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लिंडा एकेन स्वतः परिचारिका. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १६८ रुग्णालयांतील शस्त्रक्रिया झालेल्या २,३२,३४२ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि १०,१८४ परिचारिकांना त्यांच्या कामाविषयी विचारले. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेवर एक रुग्ण जादा पडला, की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. चारऐवजी आठ रुग्ण असतील तर ही वाढ ३१ टक्क्यांवर जाते. त्याच एका जादा रुग्णामागे परिचारिका कामाने पिचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते. म्हणजे रुग्णाचे हाल आणि सिस्टरचे हाल यांचे मूळ एकच आहे. २०१४ साली युरोपातील ९ देशांतील ३०० रुग्णालयांच्या अभ्यासातही एका जादा रुग्णामागे पुन्हा ७ टक्केच आढळले.

असे का होते? डॉक्टर राउंडला येतात आणि जातात. चोवीस तास रुग्णाजवळ असते ती सिस्टर. श्वास वाढला, लघवी कमी झाली, टाक्यांवरची पट्टी रक्ताने भिजली, हे आधी तिलाच दिसायला हवे. तिची नजर तीस खाटांवर वाटली गेली, तर जे वेळेत दिसायला हवे ते उशिरा दिसते.

मिशिगन विद्यापीठाच्या बिअॅट्रिस कॅलिश यांनी परिचारिकांना एकत्र बसवून विचारले, की तुमच्या हातून कोणते काम राहून जाते? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नऊ गोष्टी पुढे आल्या. रुग्णाला कूस बदलून देणे, चालवणे, वेळेवर भरवणे, स्वच्छता, पाणी किती प्याला व लघवी किती झाली याची नोंद, धीर देणे, आजाराची माहिती समजावणे, घरी जाण्याची तयारी करून देणे आणि सतत लक्ष ठेवणे. यात एकही काम क्षुल्लक नाही. कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. चालवले नाही तर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, छातीत कफ साठतो. आपल्याकडे यातली बरीच कामे नातेवाईकच करतात. ज्याच्याजवळ कोणी नाही, त्याची ती होतच नाहीत.

त्याच परिचारिकांनी कारणेही मोकळेपणाने सांगितली. माणसे कमी आहेत हे कारण होतेच. पण "ते माझे काम नाही" ही वृत्ती आणि काम टाळण्याची लागलेली सवय हीही त्यांनी सांगितली. म्हणून आम्ही सिस्टरची सरसकट बाजू घेत नाही. कपडे पाहून, वस्तीचे नाव ऐकून कोणी तुच्छतेने बोलत असेल, पैसे मागत असेल, तर गर्दीचे कारण चालणार नाही. तिथे लेखी तक्रार झालीच पाहिजे. पण मारहाण आणि शिवीगाळ कधीही नको. त्याने वॉर्डात एकही माणूस वाढत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा, की वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. आपल्या जवळच्या रुग्णालयात रात्रपाळीला काय असते, ते आपण डोळ्यांनी पाहतोच.

माणसे वाढवणे परवडत नाही, असे सांगितले जाते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने २०१६ साली दिवसा चार रुग्णांमागे एक व रात्री सात रुग्णांमागे एक असे प्रमाण ठरवून दिले. तिथला अभ्यास २०२१ साली आला. मृत्यू कमी झाले, रुग्ण लवकर घरी गेले, पुन्हा दाखल होणे घटले आणि वाचलेला खर्च नव्या परिचारिकांवरील खर्चाच्या दुपटीहून अधिक भरला. तो देश श्रीमंत आहे, तिथले आकडे जसेच्या तसे इथे लागू होणार नाहीत. पण पदे रिकामी ठेवून पैसा वाचतो, हा समज त्याने खोटा ठरवला आहे.

यात आपल्या लेकींचाही प्रश्न आहे. वस्तीतल्या कितीतरी मुली नर्सिंग शिकून कंत्राटी पदावर किंवा खासगी नर्सिंग होममध्ये राबत आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीने २०१६ सालीच सांगितले, की ५० खाटांहून लहान खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत. आपल्या मुलीच्या हातात किती पडतात, ते घरोघरी विचारा.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वस्तीतल्या मंडळाने जवळच्या सरकारी रुग्णालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करावा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. विचारायचे एवढेच : परिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, रिक्त किती आणि केव्हापासून? उत्तर घेऊन रुग्ण कल्याण समितीकडे जा, नगरसेवकाकडे जा, आमदाराकडे जा. शक्य तिथे परिचारिकांच्या संघटनेलाही सोबत घ्या, कारण ही मागणी त्यांचीही आहे. आणि आवाज चढवायचाच असेल, तर ज्यांनी ती पदे रिकामी ठेवली त्यांच्या दारात चढवा.